पत्त्यांचा कॅट जावात मांडतेय, पण एक्का कुठे बसवू? (मेंढीकोटसाठी मदत हवी)

मुलुंडची_चौकट | सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं मॅन्युअल टेस्टिंग करतेय, आता डेव्हलपमेंटकडे वळायचंय म्हणून जावा शिकतेय. गेल्या महिन्यात अंधेरीतल्या एका कंपनीत मुलाखतीला गेले होते. फळ्यावर पत्ते आणि पत्त्यांचा कॅट यांचे क्लास (प्रोग्रॅममधले साचे) लिहायला सांगितले. लिहिले. मग त्यांनी विचारलं, "आता यावर दुसरा खेळ खेळायचा असेल तर काय बदलाल?" तिथे मी अडकले, आणि अजून अडकलेलीच आहे.

घरी येऊन ठरवलं की हे नीट समजून घ्यायचंच, आणि त्यासाठी खरा खेळ लिहायचा. बाबा अंबरनाथ लोकलने सव्वीस वर्षं व्हीटीला जात होते. चौघांचा ठरलेला ग्रुप, मांडीवर ब्रीफकेस, वर पेपर पसरलेला आणि मेंढीकोट. आता रिटायर झालेत आणि ग्रुप पांगलाय. गणपतीत जागरणाला सगळे घरी जमतील, तोवर त्यांना मोबाइलवर मेंढीकोट करून द्यायचाय.

माझं सध्याचं डिझाइन असं आहे. पान या क्लासमध्ये सूट (स्ट्रिंग) आणि रँक (१ ते १३). दोन पानांतलं मोठं कोणतं हे पानच सांगतं, म्हणजे कंपेअर-टू त्याच्यातच आहे. कॅट हा क्लास ॲरेलिस्ट एक्सटेंड करतो, म्हणजे जावातल्या तयार यादीवरच उभा आहे आणि तिचं सगळं त्याला मिळतं. पिसण्यासाठी प्रत्येक जागेवरचं पान कुठल्याही रँडम जागेवरच्या पानाशी बदलते.

अडचण अशी झाली: एक्का १ धरला, तर मेंढीकोटात तो दुर्रीपेक्षा लहान ठरला. म्हणून १४ केला. मग भावाने बदाम सात मागितला, तिथे एक्का दुर्रीच्या खाली लागतो. म्हणून एक फ्लॅग (हो-नाही सांगणारी खूण) घातला. काल बाबा म्हणाले तीनशेचार पण घाल. त्यात गुलाम सगळ्यांत मोठा, त्याखाली नव्वी, मग एक्का, दश्शी, राजा, राणी, अठ्ठी, सत्ती! आता पान क्लासमध्ये तीन इफ (म्हणजे 'असं असेल तर' अटी) झालेत आणि मला तो क्लास उघडावासा वाटत नाही.

क्रम ठेवायचा कुठे?

कांजूर_कट्टा | सोमवार, रात्री ११:०५

वाचतोय. मलाही हाच प्रश्न विचारला होता.

विरार_फास्ट | मंगळवार, सकाळी ८:१५

ताई, वीस वर्षं जावात काम करतोय आणि नवीन मुलांना हा विषय शिकवतो, म्हणून सविस्तर लिहितो.

घरातला पत्त्यांचा कॅट काढा. बदामाची दश्शी हातात घ्या आणि तिच्यावर काय काय छापलंय ते बघा. बदाम आणि दहा. बस. तीनशेचारमध्ये तिचे दहा गुण आहेत, हे तिच्यावर छापलेलं नाही. मेंढीकोटात ती मेंढी आहे आणि तिच्यासाठी भिडू जीव टाकतात, हेही छापलेलं नाही. जे पानावर छापलंय तेवढंच पान क्लासला माहीत असावं. बाकी सगळं खेळणाऱ्यांना माहीत असतं, म्हणजेच खेळाच्या क्लासला.

आता आणखी एक पाऊल पुढे जा. मेंढीकोटात किलवर हुकूम असेल, तर किलवरची दुर्री बदामाच्या एक्क्याला मारते. पुढच्या डावात हुकूम इस्पिक झाला की तीच दुर्री कुचकामी. म्हणजे क्रम खेळाचासुद्धा पूर्णपणे नाही, तो त्या डावाचा आहे. आणि चौकटची उतारी असताना कोणी इस्पिकचा राजा फेकला, इस्पिक हुकूम नसेल, तर तो राजा मोजायचाच नाही. तेव्हा "या दोन पानांत मोठं कोणतं" हा प्रश्नच अर्धवट आहे. तो पानाला विचारला म्हणून तुमच्याकडे इफ साचले.

मी असं लिहीन:

पान: सूट, रँक. दोन्ही एकदाच ठरतात, नंतर बदलत नाहीत.

हात_कोणाचा (टाकलेली पानं, उतारीची सूट, हुकूम):
  हुकमाची पानं पडली असतील तर त्यांतलं सगळ्यांत मोठं
  नसतील तर उतारीच्या सुटीतलं सगळ्यांत मोठं

यातलं "सगळ्यांत मोठं" म्हणजे काय, ते खेळाने दिलेला कंपॅरेटर (दोन पानांची तुलना करणारा वेगळा तुकडा) ठरवतो. मेंढीकोटाचा कंपॅरेटर एक्का वर ठेवतो, तीनशेचारचा गुलाम वर ठेवतो. गुणांचा तक्ताही तीनशेचारच्या क्लासमध्ये ठेवा: गुलाम ३०, नव्वी २०, एक्का ११, दश्शी १०, राजा ३, राणी २, सत्ती-अठ्ठी शून्य. एका सुटीचे ७६, चार सुटींचे ३०४. ही बेरीज टेस्ट म्हणूनच लिहून टाका, तक्त्यात चूक झाली तर लगेच पकडली जाईल.

सूट आणि रँक स्ट्रिंग (मजकूर) किंवा आकड्यांत ठेवू नका, इनम करा, म्हणजे ठरलेल्या नावांची पक्की यादी. जावात इनम २००४ साली जावा ५ मध्ये आले, आणि जावा बनवणाऱ्या सन कंपनीने तेव्हा इनम समजावून सांगताना पत्त्यांचंच उदाहरण घेतलं होतं. स्ट्रिंग असली की कुठे तरी "इस्पीक" आणि कुठे "इस्पिक" लिहिलं जातं आणि बावन्न पानांत एक सूट जास्तीची निघते. पान क्लासला जावा १६ पासून रेकॉर्ड (न बदलणारी माहिती ठेवणारा छोटा क्लास) वापरता येतो, दोन ओळींत काम होतं.

नावाबद्दल एक गोष्ट. तुम्ही क्लासला "पान" म्हटलंत ते फार बरं केलंत. आमच्याकडे एकाने मराठीत नोट्स काढताना "पत्ता" लिहिलं आणि मेमरीतला पत्ता की इस्पिकचा पत्ता, यात अख्खा तास गोंधळ झाला. टेबलावर आपण तसंही "पान टाक" असंच म्हणतो.

दादरची_राणी | मंगळवार, दुपारी १:२०

विरार_फास्ट यांच्याशी पूर्ण सहमत. मला ॲरेलिस्ट एक्सटेंड करण्याबद्दल बोलायचंय, कारण मुलाखतीत पुढचा प्रश्न तिथूनच येतो.

कॅट ही यादी आहे का? कॅटच्या आत यादी आहे, एवढंच. टेबलावर कॅटचं आपण काय करतो? पिसतो, कट करायला देतो, वाटतो, किती उरली ते बघतो. चार मेथड (क्लासला करता येणाऱ्या क्रिया). तुमचा कॅट ॲरेलिस्ट असला, तर ॲरेलिस्टच्या सगळ्या मेथड त्याच्यासोबत फुकट येतात. मधल्या जागेवर पान घालता येतं, पाचवा एक्का घुसवता येतो, तिसरं पान हळूच काढून घेता येतं. टेबलावर कोणी असं केलं तर भांडणं होतील, मग कोडमध्ये ते का चालू द्यायचं? यादी प्रायव्हेट ठेवा आणि या चार मेथडच बाहेर दाखवा.

जावाच्या स्वतःच्या लायब्ररीत ही चूक अजून बघायला मिळते. तिथला स्टॅक (जिथे वस्तू फक्त वरूनच ठेवायची-काढायची), व्हेक्टर नावाची यादी एक्सटेंड करतो. म्हणून स्टॅकच्या मधोमध वस्तू घालता येते, जे स्टॅकच्या व्याख्येलाच धरून नाही. जुना कोड मोडेल म्हणून आता ते काढताही येत नाही.

आणि कॅट बनवताना बावन्नच पानं असं गृहीत धरू नका. पाच-तीन-दोन आठवतो ना? तिघंजण, प्रत्येकी दहा पानं, म्हणून कॅट तीसचा. अठ्ठीपासून एक्क्यापर्यंत चारही सुटींची अठ्ठावीस, आणि वर बदाम व इस्पिकच्या सत्त्या. हे नियमात बसवायचं तर सूट गुणिले रँक असा साधा दुहेरी लूप पुरत नाही. कोणती पानं घ्यायची ते खेळाने सांगावं, कॅटने फक्त ती सांभाळावीत.

बिटवाला | मंगळवार, संध्याकाळी ७:५०

वेगळं मत मांडतो. एवढे क्लास कशाला? पान म्हणजे ० ते ५१ मधला आकडा. १३ ने भागलं की सूट, बाकी उरते ती रँक. हातातली तेरा पानं ६४ बिटांच्या एका संख्येत बसतात, ५२ बिट वापरायचे. "याच्याकडे बदाम आहे का?" हे एका अँड ऑपरेशनमध्ये कळतं. मी कॉम्प्युटर खेळाडूसाठी लाखो डाव खेळवून बघतो, तिथे ऑब्जेक्ट बनवत बसलो तर रात्र संपते.

विरार_फास्ट | मंगळवार, रात्री ९:१०

तुमच्या कामासाठी ते बरोबरच आहे आणि मीही तिथे तसंच करेन. पण ते पान क्लासच्या आत लपवता येतं. बाहेरच्याला सूट आणि रँक दिसू दे, आत आकडा ठेवा. ताईंना अजून वेगाची अडचण आलेली नाही, अर्थाची आलीय. ३७ हा आकडा डिबगरमध्ये (चूक शोधायच्या साधनात) बघून कोणतं पान ते ओळखायला लागणं, हा त्रास शिकणाऱ्याला नको.

मुलुंडची_चौकट | मंगळवार, रात्री ११:३०

आकड्यांचा अनुभव मला आजच आला. स्क्रीनवर चित्र दाखवायला युनिकोडमधली (अक्षरं-चिन्हांच्या क्रमांकांच्या जागतिक यादीतली) पत्त्यांची चिन्हं वापरली. एक्क्याच्या चिन्हापासून रँक मोजत पुढे गेले. दश्शीपर्यंत ठीक, गुलाम ठीक, आणि राणीच्या जागी कोणीतरी अनोळखीच माणूस आला. राजाच्या जागी राणी! तासभर माझ्याच लूपमध्ये चूक शोधत होते.

बिटवाला | मंगळवार, रात्री ११:४५

तो नाइट, म्हणजे घोडेस्वार सरदार. २०१० मध्ये युनिकोड ६.० मध्ये ही चिन्हं आली तेव्हा युरोपातल्या काही कॅटसाठी गुलाम आणि राणीच्या मध्ये नाइट पण घेतला, म्हणून प्रत्येक सुटीत चौदा चिन्हं आहेत. राणी आणि राजासाठी एक जास्त मिळवा. खरं तर मिळवूच नका, रँकच्या इनममध्ये प्रत्येकाचं चिन्ह लिहून ठेवा. या बाबतीत विरार_फास्टचं म्हणणं मला पटलं.

निवृत्त_मास्तर | बुधवार, सकाळी ६:३०

मी गणित शिकवत असे, जावा येत नाही, पण पहिल्या पोस्टमधल्या पिसणीबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. मुली, तुझी पिसणी सारखी नाही. कागद-पेन घेऊन तीनच पानांवर करून बघ.

प्रत्येक जागेवरचं पान तीनपैकी कुठल्याही जागेवरच्या पानाशी बदलायचं. तीन जागा, प्रत्येकीला तीन पर्याय, म्हणजे ३ × ३ × ३ = २७ सारख्याच शक्यतेचे मार्ग. तीन पानांच्या मांडण्या मात्र सहाच. २७ ला ६ ने भाग जात नाही! म्हणजे काही मांडण्यांना इतरांपेक्षा जास्त मार्ग मिळणारच. मी सगळे सत्तावीस लिहून काढले: तीन मांडण्या पाच-पाच वेळा येतात आणि तीन चार-चार वेळा.

योग्य रीत अशी. शेवटच्या पानापासून सुरुवात कर. त्याची अदलाबदल सगळ्यांपैकी कुठल्याही एकाशी, त्याच्या स्वतःच्या जागेसह. मग ते पान पक्कं झालं, त्याला पुन्हा हात लावायचा नाही. उरलेल्यांत पुन्हा तसंच. तीन पानांना ३ × २ × १ = ६ मार्ग, सहा मांडण्या, प्रत्येकीला एकच. याला फिशर-येट्सची रीत म्हणतात. त्या दोघांनी १९३८ मध्ये ती कागदावर करण्यासाठी दिली होती, आणि कॉम्प्युटरला सोयीचं हे अदलाबदलीचं रूप डर्स्टनफेल्ड यांनी १९६४ मध्ये छापलं.

बावन्न पानांच्या मांडण्यांची संख्या ६८ अंकी आहे. फळ्यावर ती मी मुलांकडून पूर्ण लिहून घेत असे. एका ओळीत मावायची नाही, मुलं दोन ओळींत लिहायची.

विरार_फास्ट | बुधवार, सकाळी ८:२०

मास्तर, नमस्कार. हेच मी सांगायला हवं होतं. जावात कलेक्शन्सची तयार शफल मेथड मास्तरांनी सांगितलेल्या रीतीनेच, शेवटून पुढे येत पिसते, तीच वापरा. फक्त रँडम ऑब्जेक्ट बाहेरून द्या. टेस्टमध्ये ठरावीक सीड (रँडमची सुरुवात ठरवणारा आकडा) दिला की दरवेळी तोच डाव येतो आणि चूक पुन्हा घडवून बघता येते.

पैसे लावून खेळायचं ॲप असेल तर मात्र साधा रँडम चालणार नाही. त्याची आतली स्थिती ४८ बिटांची असते, म्हणजे सुमारे २८१ लाख कोटी वेगवेगळे डाव. ६८ अंकी संख्येपुढे हे काहीच नाही. तिथे सिक्युअर रँडम लागतो.

रमीवाली_मावशी | बुधवार, दुपारी ३:१५

मी बँकेच्या सॉफ्टवेअरवर काम करते, आणि घरच्यांसाठी रमी लिहिली होती. दोन कॅट एकत्र असले की काय होतं ते सांगते, म्हणजे तुझा वेळ वाचेल.

खेळाडूच्या हातातली पानं मी सेटमध्ये (समान वस्तू एकदाच ठेवणाऱ्या संग्रहात) ठेवली होती. तेरा पानं वाटली आणि माझ्या सासूबाईंना बाराच दिसली. दोन्ही कॅटमधली चौकटची सत्ती त्यांच्याकडे आली होती आणि सेटने दोन्ही एकच समजून एक गिळली. मी आधी सेटला दोष दिला, पण सेटने त्याचं काम चोख केलं होतं. दोन चौकटच्या सत्त्या समान आहेत हे खरंच आहे, पण त्या दोन वेगळ्या वस्तूही आहेत. हातासाठी लिस्ट वापर, आणि पान काढताना एकच काढ.

जोकरबद्दल पण सांगते. छापील जोकरला सूट नसते, म्हणून मी सूट रिकामी ठेवली आणि मग जिथे तिथे ती रिकामी आहे का हे तपासत बसले. शेवटी त्याला वेगळा प्रकार केला. आणि डावाच्या सुरुवातीला उलटलेल्या पानावरून जो जोकर ठरतो, तो पानाचा गुण नाहीच, तो त्या डावाचा नियम आहे. वर हुकमाबद्दल लिहिलंय तसंच.

कांजूर_कट्टा | बुधवार, संध्याकाळी ६:००

सेटचा मुद्दा लिहून घेतला.

परळचा_मालवणी | बुधवार, रात्री १०:२५

तुमच्या डिझाइनची परीक्षा घ्यायची असेल तर आमच्या सावंतवाडीच्या गंजिफाचे नियम त्यावर चालवून बघा. मागच्या मे महिन्यात गावी गेलो तेव्हा राजवाड्यात ते रंगवताना बघितले. गोल पानं, लाखेचा थर, हातात घेतली की एकमेकांवरून सरकतात. दशावतारी गंजिफात १२० पानं: दहा अवतारांच्या दहा सुटी, प्रत्येकीत एक ते दहा आणि वर प्रधान व राजा.

आता खरी गंमत. निम्म्या सुटींत दहा मोठा आणि एक लहान, आणि निम्म्या सुटींत नेमकं उलट, एक मोठा आणि दहा सगळ्यांत लहान. म्हणजे रँकचा क्रम सुटीवर अवलंबून आहे! रँकच्या इनममध्येच क्रम पक्का केलेला असेल तर हा खेळ तिथेच अडतो. कंपॅरेटरने फक्त रँक न घेता पूर्ण पान घेतलं तर सुटतो. शिवाय दिवसा खेळताना रामाचा राजा ज्याच्याकडे त्याची उतारी, रात्री कृष्णाचा राजा ज्याच्याकडे त्याची. म्हणजे खेळाला घड्याळसुद्धा विचारावं लागणार.

हे शेकडो वर्षं माणसं मांडी घालून खेळत आलीत. कोणत्याही पुस्तकातल्या उदाहरणापेक्षा मला ही परीक्षा कठीण वाटते.

दादरची_राणी | बुधवार, रात्री ११:१०

किती सुंदर उदाहरण! पण चौकट, तू आत्ता दहा सुटींसाठी सोय करत बसू नकोस. चार सुटींचं इनम ठेव. गंजिफा लिहायची वेळ आली तर तेव्हा बदलू. तुला गणपतीपर्यंत मेंढीकोट हवाय.

मुलुंडची_चौकट | पुढचा रविवार, रात्री ९:४५

सगळ्यांचे मनापासून आभार. आठवडाभर रोज रात्री बसले. पान आता दोन ओळींचा रेकॉर्ड आहे. कॅटच्या चार मेथड ठरल्यात, फक्त कट करायची लिहायची राहिलीय. मेंढीकोट, बदाम सात आणि तीनशेचार असे तीन वेगळे क्लास, आणि पान क्लासमध्ये एकही इफ नाही. टेस्टिंगची सवय असल्याने टेस्ट आधी लिहिल्या: बावन्न पानं, सगळी वेगळी, पिसल्यावर तीच बावन्न, चौघांना तेरा-तेरा वाटल्यावर कॅट रिकामा, रिकाम्या कॅटकडे पान मागितलं तर स्पष्ट चूक सांगणारा एक्सेप्शन (चुकीचा इशारा), आणि ३०४ ची बेरीज.

काल बाबांना खेळायला दिलं. पहिल्याच डावात ते म्हणाले, "हुकूम कोणी सांगितला?" मी डाव सुरू होतानाच हुकूम मागत होते, कन्स्ट्रक्टरमध्येच (डावाची वस्तू तयार करणाऱ्या भागात). त्यांच्या ग्रुपमध्ये हुकूम आधी ठरतच नाही. उतारीची सूट ज्याच्याकडे पहिल्यांदा संपते, तो जे पान टाकेल त्याची सूट हुकूम. म्हणजे डावाची सुरुवात हुकमाशिवाय होते आणि मधेच कधीतरी तो येतो. हुकूम आता डावाच्या स्थितीत गेला आणि हात_कोणाचा या मेथडला "हुकूम अजून नाही" हेही कळतं.

दुसरी तक्रार अशी की पानं विचित्र येतात, एकाकडे सहा-सहा इस्पिक. मास्तरांनी सांगितल्याप्रमाणे पिसणी बरोबर आहे हे मी तपासलं. मग बाबांशी बोलताना उलगडलं. लोकलमध्ये एक डाव संपला की हात गोळा करतात, त्यात चार-चार पानं एकाच सुटीची असतात, आणि दोनदा पिसून एकेक पान वाटतात. मग ती चार चौघांत एकेक वाटली जातात आणि सगळ्यांकडे सारख्या सुटी येतात. त्यांना सव्वीस वर्षं त्याचीच सवय झालीय.

निवृत्त_मास्तर | सोमवार, सकाळी ६:१५

वडिलांचं निरीक्षण अचूक आहे. आणि पाच-चार-चार असे गठ्ठ्याने वाटणारे लोक असतील तर नेमकं उलट होईल, एकाकडेच एक सूट साचेल. हातांनी पूर्ण मिसळायला बराच वेळ लागतो. दोन भाग करून एकमेकांत गुंतवायची पिसणी बावन्न पानांना साधारण सात वेळा करावी लागते, असं बायर आणि डायकोनिस यांनी १९९२ मध्ये गणिताने दाखवलंय. कल्याण येईपर्यंत सात वेळा कोण पिसणार?

मुलुंडची_चौकट | सोमवार, रात्री १०:००

मास्तर, बाबांना तुमची पोस्ट मोठ्याने वाचून दाखवली. त्यांनी "सात वेळा" दोनदा विचारलं.

आज शेवटची मेथड लिहिली, कट करायची. पिसणी नीट झाली असेल तर कट केल्याने शक्यतांत काहीच फरक पडत नाही, हे मला कळतं. पण वाटण्याआधी उजवीकडच्याने कट केलाच पाहिजे असं बाबांचं म्हणणं आहे. म्हणून वाटण्याआधी स्क्रीनवर कॅट दिसतो, उजवीकडचा खेळाडू बोटाने जिथे दाबेल तिथून तो दुभंगतो आणि खालचा भाग वर येतो. टेस्ट लिहिलीय: कट केल्यावरही तीच बावन्न पानं.

बाबा आत्ता हॉलमध्ये काकांना फोनवर उतारी कशी करायची ते सांगतायत.